जिनोआची गाडी आणि बासमतीचं पोतं

“उजवीकडे. चौघांनीही उजवीकडेच बसायचं. डाव्या खिडकीतून नुसते डोंगर दिसतात,” सलोनीने बजावलं आणि नकाशावर लाल पेनाने आणखी एक रेघ ओढली.

नकाशा बैठकीतल्या गालिच्यावर पसरला होता. एका टोकाला जिनोआ, दुसऱ्या टोकाला पिसा आणि मधे समुद्राच्या काठाकाठाने जाणारी आगगाडी. बोगद्यातून बाहेर पडलं की समुद्र, पुन्हा बोगदा, पुन्हा समुद्र. समोरच्या फ्लॅटमधला अकरा वर्षांचा निखिल बोगदे मोजून मोजून कंटाळला होता. तो इटलीला जाणार नव्हता, पण त्याची मतं भरपूर होती. बोगद्यात डबा उघडून खायला घ्यावं, म्हणजे समुद्र दिसताना वेळ वाया जात नाही, हे त्यातलं एक. तिसऱ्या मजल्यावरची रबिया, सलोनीच्या वर्गातली आणि मूळची चिपळूणची, गाडीच्या वेळा वहीत सुबक अक्षरात उतरवून देत होती.

तेरा वर्षांच्या सलोनी गायधनीने आयुष्यात आगगाडीत पाऊल ठेवलेलं नव्हतं. कुवेतमध्ये रूळच नाहीत. सुट्टीत मुंबईला उतरलं की मामा जीप घेऊन हजर, तो थेट नाशिकला नेऊन सोडायचा. तीन वर्षांपूर्वी पप्पा ट्रेनिंगसाठी जिनोआला गेले होते आणि एका रविवारी या गाडीत बसले होते. पप्पा म्हणजे मोजून मापून बोलणारा माणूस. पण या गाडीबद्दल ते अर्धा तास बोलले होते, आणि शेवटी म्हणाले होते, “एकट्याने बघायची गोष्ट नव्हती ती.”

खरी गोष्ट मात्र गाडीच्याही पलीकडची होती. सलोनीचा दादा जयदीप बारावी झाला होता. पंधरा ऑगस्टला तो इंजिनिअरिंगसाठी पुण्याला जाणार होता, कायमचाच म्हणायचा. कुवेतमधल्या घरांमध्ये हे ठरलेलं असतं. बारावी झाली की मूल जातं, आणि त्याबद्दल कोणी फार बोलत नाही. रबियाची मोठी बहीण गेल्या वर्षी गेली. “आपा गेल्यापासून आम्ही सगळे एका वेळी कधी जेवलोच नाही,” असं रबियाने एकदा सहज सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ते वाक्य सलोनी विसरली नव्हती. चौघांनी मिळून करायची ही शेवटची गोष्ट होती. आज गुरुवार, सहा ऑगस्ट. विमान संध्याकाळी पावणेसहाचं.

अकराच्या सुमारास आतल्या खोलीतून आईने हाक मारली. हाक मोठी नव्हती. उलट फारच हळू होती, म्हणून सगळेच उठले.

आई लोखंडी कपाटापुढे उभी होती. लॉकर उघडा होता. सोमवारी व्हिसा लागून आलेले चार पासपोर्ट त्यात नव्हते.

मग जे होतं ते झालं. गाद्या उलटल्या, सूटकेसा रिकाम्या झाल्या, टीव्हीच्या मागे बॅटरी मारून झाली. निखिलने फ्रिजसुद्धा उघडून पाहिला आणि एक आंबा घेऊन बंद केला. पप्पांना विचारावं, तर ते पहाटे चारलाच प्लांटवर गेले होते. कसलासा कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि तीनपर्यंत येतो असं ते सांगून गेले होते. आईने तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा कंट्रोल रूममधल्या माणसाने सांगितलं की राजनसाहेब आत फील्डवर आहेत, निरोप देतो. प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी, आणि पप्पांकडे मोबाइल नव्हताच. गुरुवार-शुक्रवार इथली आठवड्याची सुट्टी, सगळी ऑफिसं बंद. वकिलात बंद. नवे कागद करायचे म्हटले तरी शनिवारशिवाय कोणी दार उघडणार नव्हतं, आणि शनिवारनंतर इतका वेळ कुठे उरत होता?

“तुकाराम,” आई एकदम म्हणाली.

तुकाराम हा पप्पांच्या कंपनीतला सुतार, मालवणकडचा. सकाळी सातला तो कपाटाच्या दाराची बिजागरी बसवायला आला होता. अर्धा तास त्या खोलीत एकटाच होता. आईने त्याला चहा-पोहे दिले होते, आणि आता तेच तिला खुपत होतं. तिने त्याच्या सुपरवायझरला लावायला फोन उचलला.

जयदीपने फोनवर हात ठेवला. तो आईला एरवी कधी अडवत नसे.

“आई, तू आत्ता फोन केलास तर तो माणूस परवा कायमचा घरी पाठवलेला, विमानात बसलेला असेल. कोणी त्याला काही विचारणारसुद्धा नाही. आणि नंतर पासपोर्ट पलंगाखाली सापडले, तर?”

आईला हे पटत होतं आणि पटत नव्हतं. शेवटी, पप्पा येईपर्यंत थांबते, एवढं ती म्हणाली आणि पलंगावर बसून राहिली. तिच्या मांडीवर सलोनीचा नवा स्वेटर होता. तो ती घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

सलोनी न्हाणीघरात गेली आणि दाराला कडी लावली. तिला काहीच करता येत नव्हतं. मोठी माणसं वस्तू हरवतात, मोठी माणसं कोणावर तरी आळ घेतात, आणि मुलांनी फक्त वाट बघायची. असा न्याय कोणी केला? धुण्याच्या टोपलीवरचा पहिला हाताला लागलेला कपडा तोंडावर घेऊन ती मनसोक्त रडली. रडता रडता तिने नाक वर ओढलं आणि थांबली.

तो पप्पांचा कालचा पूर्ण बाह्यांचा शर्ट होता, आणि त्याला एरंडेलाचा वास येत होता. तिने उलटसुलट करून पाहिलं. डावी बाही कोरी होती. उजवी मात्र कोपरापर्यंत तेलकट होती, आणि तिच्या घडीत कडुनिंबाच्या वाळक्या पानाचा तुकडा होता.

तिने कडी काढली. “आई, तू एरंडेल कशाला लावतेस?”

“हे काय विचारणं झालं? तांदळाला. नाहीतर पोरकिडे होतात.”

“तांदूळ कुठे आहेत?”

आईच्या हातातला स्वेटर खाली पडला. इटलीहून आल्यावर ती दोन्ही मुलांना घेऊन महिनाभर पुण्याला जाणार होती, आणि पप्पा प्लांटवरच जेवणार होते. बंद स्वयंपाकघरात उन्हाळ्यात तांदूळ ठेवून काय करायचं, म्हणून वीस किलोचं निम्मंअधिक भरलेलं पोतं तिने सकाळी देऊन टाकलं होतं. तुकारामलाच दिलं होतं. सुट्टीवर जाताना अबू हलीफातल्या, म्हणजे त्यांच्या वस्तीतल्या, सगळ्याच बायका असं करतात. डाळ-तांदूळ, कांदे-बटाटे एकट्या राहणाऱ्या माणसांच्या खोल्यांवर जातात.

“पण तांदळात पासपोर्ट ठेवेल कोण?” निखिलला राहवेना.

आईने स्वेटर उचलून मांडीवर घेतला. मग, हे आधीच आठवायला हवं होतं म्हणत, तिने सांगितलं. काल रात्रीच्या बातम्यांत पुन्हा उत्तरेकडच्या कुरबुरी होत्या. अशा बातम्या लागल्या की पप्पा मुकाट्याने उठतात, गाडीची टाकी भरून आणतात, पाण्याच्या बाटल्या भरतात आणि कागद हलवतात. नव्वद साली इराकचं लष्कर कुवेतमध्ये घुसलं तेव्हा आई आणि मुलं नाशिकला होती. पप्पा इथे एकटे होते. शिपायांनी घराघरांतली कपाटं फोडली, पण धान्याला हात लावला नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हे असं हलवणं ते कोणाला सांगत नाहीत. आपण अजून घाबरतो हे त्यांना सांगायचं नसतं.

“म्हणजे काकांनी काकूंना सांगितलं नाही आणि काकूंनी पोत्यात पाहिलं नाही,” रबियाने निकाल दिला. “आणि तुकारामकाका चोर.”

आई लाल झाली. मग तिने पर्समधून पैसे काढून जयदीपच्या हातावर ठेवले.

साडेबाराला चारही मुलं टॅक्सीत बसली. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. तुकारामचा पत्ता कोणाकडे लिहिलेला नव्हता. जयदीपने पप्पांबरोबर एकदा त्याला खैतान भागात सोडलं होतं, तेव्हा खाली एक धोब्याचं दुकान होतं, एवढंच त्याला आठवत होतं. खैतानमध्ये पोहोचल्यावर कळलं की तिथे दर दुसऱ्या इमारतीखाली धोबी आहे. इमारतीही सगळ्या एकाच रंगाच्या, सगळ्यांच्या गच्च्यांवर टीव्हीच्या तशाच तबकड्या. पाऊण तास ती जिने चढली आणि उतरली. एका ठिकाणी केरळचे लोक निघाले, एका ठिकाणी दाराआड कोणी बोललंच नाही. निखिलचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता, पण तो घरी जाऊ म्हणाला नाही. सलोनीने घड्याळात पाहिलं. दोनला दहा कमी होते.

पाचव्या धोब्याला तुकाराम माहीत होता.

एका खोलीत सहा पलंग होते आणि दोन पंखे. तुकाराम बनियनवर बसून बांगड्याचं कालवण जेवत होता. मुलांना बघून तो गडबडून उठला. पासपोर्टचं नाव काढायचं नाही, असं जयदीपने जिन्यातच सगळ्यांना बजावलं होतं. फुकटचा बोभाटा नको. तांदळाच्या पोत्यात घरचं थोडं सामान गेलंय, एवढंच त्याने सांगितलं.

तुकारामने कपाळावर हात मारला. “अरे देवा! पोता माझ्याकडे खंय आसा? बासमती म्हणजे लगनातलो भात, बाय. आमका उकडो व्हयो. मी तो तसोच वरच्या अब्बासाक दिलंय. तो आज पुलाव करणार होतो.”

सलोनी जिन्याकडे वळली. तांदूळ धुतले असतील तर? पाण्यात शाई उतरली असेल तर? कोणीतरी पोतं आणखी पुढे देऊन टाकलं असेल तर? ती तुकारामच्या मागून जिना चढत होती, पण चढून उपयोग आहे असं तिला वाटत नव्हतं.

अब्बास हा लखनौकडचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, दाढी मेंदीने रंगवलेली. पोतं त्याच्या दाराशीच होतं, अर्धं रिकामं. चुलीवरच्या पातेल्यातला पुलाव खाऊन संपला होता. जयदीपने नम्रपणे तेच वाक्य हिंदीत म्हटलं, की चाचा, या तांदळात आमचं थोडं सामान आलंय. अब्बासने दाराची फट कमी केली.

“मेरे पास किसी का पासपोर्ट-वासपोर्ट नहीं है. जाओ, बेटा.”

दार लागणार, एवढ्यात निखिल शांतपणे म्हणाला, “पण आम्ही तर सामान म्हणालो. पासपोर्ट कोण म्हणालं?”

दार तसंच राहिलं. अब्बासने निखिलकडे पाहिलं, तुकारामकडे पाहिलं आणि एकदम दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. रबिया त्याच्यासमोर उकिडवी बसली. चाचा, कोणी तुम्हाला काही म्हणणार नाही, आम्हाला फक्त विमान गाठायचंय, असं ती हळू आवाजात सांगत राहिली. शेवटी तो बोलला. तांदूळ धुवायला काढताना हाताला प्लॅस्टिकची पिशवी लागली. उघडली तर चार पासपोर्ट. पाच वर्षांपूर्वी त्याच्या खोलीतल्या एकाकडे दुसऱ्याचा पासपोर्ट सापडला होता, तर खोलीतले सगळे अकरा दिवस कोठडीत होते. तुकारामला विचारायचीही त्याला भीती वाटली. कोण जाणे, त्याने मुद्दामच दिलं असेल. म्हणून दुपारच्या नमाजाला जाताना त्याने ती पिशवी नेली आणि मशिदीतल्या पुस्तकांच्या फडताळावर ठेवून आला. तिथून कोणी काही चोरत नाही.

“माका सांगलं असतंस तर!” तुकाराम म्हणाला. अब्बासने मान खाली घातली.

मशीद दोन गल्ल्या पलीकडे होती आणि तिला कुलूप होतं. पुढच्या अजानच्या थोडं आधी उघडेल, असं बाजूच्या दुकानदाराने सांगितलं. म्हणजे सव्वातीनला. आत्ता अडीच वाजले होते.

जयदीपने त्याच दुकानातून घरी फोन केला. सामान घेऊन सरळ विमानतळावर या, पप्पा आले की लगेच निघा, असं त्याने आईला सांगितलं. पासपोर्ट मिळाले का, या प्रश्नावर तो फक्त मिळतील म्हणाला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. सगळी भिंतीच्या हातभर सावलीत ओळीने उभी राहिली. इतकी धावपळ करून, डोकं लढवून, शेवटी एका कुलपासमोर उभं राहायचं. सलोनी जयदीपच्या शेजारी होती. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

“नाही मिळाले तर?” तिने विचारलं.

“तर मी तुला पुण्याहून नाशिकला आगगाडीने नेईन.”

“चौघांनी जायचं होतं.”

जयदीपने कुलपाकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळाकडे. त्यालाही तेच हवं होतं, हे तिला तेव्हा कळलं. इतके दिवस तो नकाशाला हसत होता, म्हणून तिला वाटलं होतं की त्याला काही नाही.

सव्वातीनला एक म्हातारे इजिप्शियन गृहस्थ किल्ल्या वाजवत आले. त्यांना उर्दूही येत नव्हतं आणि इंग्रजीही. रबिया पुढे झाली. शाळेत अरबीत तिचा पहिला नंबर असे, पण परीक्षेत अरबी लिहिणं निराळं आणि तहानलेल्या घशाने बोलणं निराळं. ती अडखळत, हातवारे करत बोलली. ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मग आले ते हातात पिशवी घेऊन.

पण ती त्यांनी दिली नाही. एकेक पासपोर्ट उघडून ते फोटो बघू लागले. जयदीपचा फोटो जुळला. सलोनीच्या फोटोत दोन वेण्या होत्या आणि समोर घामाघूम, विस्कटलेली मुलगी. त्यांनी दोनदा वरखाली पाहिलं. आईपप्पांचे फोटो बघून त्यांनी काहीतरी विचारलं.

“सगळे एकत्रच जाताय का, असं विचारतायत,” रबिया म्हणाली.

सलोनीने जोरजोरात मान हलवली. तिला रडू आवरेना. म्हाताऱ्यांनी चारही पासपोर्ट पिशवीत घातले आणि पिशवी तिच्या ओंजळीत ठेवली.

खैतानहून विमानतळ जवळ आहे, हे त्या दिवशीचं एकमेव नशीब. सामान देण्याची मुदत पावणेपाचची. सव्वाचारला मुलांना आणि सोबत आलेल्या तुकारामला घेऊन टॅक्सी पोहोचली, तेव्हा निखिलच्या बाबांनी, उदयकाकांनी, आईपप्पांना नुकतंच आणून सोडलं होतं. पप्पा प्लांटवरच्या निळ्या डगल्यातच होते. त्यांचे हात काळे होते आणि चेहरा त्याहून काळा. आईने त्यांना सगळं सांगितलं होतं हे दिसतच होतं.

सलोनीने पिशवी पुढे केली. पप्पांनी चार बोटांनी चार पासपोर्ट चाचपले. मग ते तिथेच, सगळ्यांसमोर, सूटकेसवर बसले.

आई तुकारामपुढे हात जोडून उभी राहिली. ती काहीतरी कबूल करणार, तोच जयदीपने हळूच मान हलवून नको म्हटलं. आपल्यावर आळ आला होता, हे तुकारामला माहीतच नव्हतं. मग आई एवढंच म्हणाली की तुमचे उपकार कसे फेडू. उदयकाकांनी निखिलची पाठ थोपटली. बाराशे वाल्व सांभाळणाऱ्या माणसाला चार पुस्तकं सांभाळता आली नाहीत आणि ती या पोरांनी शोधली, असं पप्पा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. रबियाच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि हाताचं काळं तिच्या ओढणीला लागलं. ती ओढणी आपण धुणार नाही, असं तिने जाहीर केलं.

तीन दिवसांनी, रविवारी सकाळी, जिनोआहून गाडी सुटली. चौघंही उजवीकडे बसली. बोगदा संपला की खिडकीत एकदम समुद्र उघडायचा. खाली गुलाबी-पिवळी घरं, दोरीवरचे कपडे, पाण्यात उड्या मारणारी मुलं. नीट बघून घ्यावं, तर पुन्हा अंधार. सलोनी खिडकीला नाक लावून बसली होती. सांगितलं होतं त्याहून ते सुंदर होतं, आणि त्याहून लवकर पळत होतं.

अशाच एका अंधारात पप्पा बोलायला लागले. नव्वद साली त्यांचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता आणि तिजोरीची किल्ली असलेला माणूस पळून गेला होता. त्यांच्याबरोबरचे लोक कागद दाखवून सरहद्दीपार झाले. ते मात्र सव्वीस दिवस वाळवंटातल्या तंबूत बसून राहिले, कारण आपण कोण हे सांगायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. “करण्यासारखं काही नव्हतं,” ते म्हणाले. “नुसतं बसायचं.”

मशिदीच्या भिंतीजवळचा तो पाऊण तास सलोनीला आठवला. सव्वीस दिवस म्हणजे किती, हे तिला मोजताच येईना.

गाडी उजेडात आली. पप्पांनी खिशातून चारही पासपोर्ट काढले, त्यांतला एक वेगळा केला आणि जयदीपला दिला.

“हा आता तुझ्याकडे. पुण्यात मी कुठून येणार लपवायला?”

जयदीपने तो घेतला, उघडून बघितला आणि शर्टाच्या खिशात ठेवून वरचं बटण लावलं. सलोनी बघत राहिली. अख्खा दिवस उन्हात धावून तिने ते चार एकत्र आणले होते, आणि आता एक सुटा झाला होता. याला कोणतीही युक्ती चालणार नव्हती. तिला खूप वाईट वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

“आणि दादा, तू हरवलास तर? मी तुला कुठे शोधायचं?”

जयदीपने जरा विचार केल्यासारखं केलं. “आधी तांदळात बघ.”

पप्पा इतके मोठ्याने हसले की पलीकडची इटालियन आजीही उगाचच हसली. आई हसता हसता रडायला लागली. सलोनी दादाला चिकटून बसली. पिसा यायला अजून तासभर होता.